मांडवाच्या भिंती : एक सामायिक ठेव

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वधूवर मेळावा, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, गृहोद्योगांचे प्रदर्शन आणि वार्षिक सभा असे चार समारंभ आपली संस्था दरवर्षी साजरे करते. प्रत्येक वेळी आडोशाच्या भिंती नव्याने उभ्या कराव्या लागतात. बांबू बांधले जातात, प्लायवूडला खिळे ठोकले जातात, त्यावर कापड ताणले जाते. आणि समारंभ आटोपताच त्यातील बरेचसे साहित्य उकिरड्यावर जाते. ज्या द्रव्यातून एखाद्या होतकरू मुलाचे शुल्क भरता आले असते, ते असे दोन दिवसांत मातीला मिळते. म्हणून एकदा घेऊन वर्षानुवर्षे वापरता येतील अशा तयार भिंतफलकांचा विचार आपणांपुढे मांडण्याची मी अनुज्ञा घेतो.

ही कल्पना आपल्या देशाला अपरिचित नाही. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त अकबराच्या छावणीतील ‘गुलालबार’ नावाच्या आवाराचे वर्णन केले आहे. त्याच्या लाकडी भिंतीचे भाग चामड्याच्या पट्ट्यांनी जोडलेले असत आणि तळ हलला की त्यांची घडी घालता येई. पुढे १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनने जागतिक प्रदर्शनासाठी काच-लोखंडाचा ‘क्रिस्टल पॅलेस’ उभारला. त्याचे खांब, तुळया आणि काचा ठरीव मापांच्या होत्या; म्हणूनच प्रदर्शनानंतर तो उतरविला गेला आणि १८५४ साली सिडनहॅम येथे अधिक विस्ताराने पुन्हा उभा राहिला. दोहोंचे मर्म एकच : भाग ठरीव मापाचे असले की भिंत मोडावी लागत नाही, ती उतरविता येते.

आजच्या प्रदर्शनांतील गाळे ह्याच तत्त्वावर उभे राहतात. अ‍ॅल्युमिनियमच्या अष्टकोनी खांबाला आठही अंगांनी उभ्या खाचा असतात. आडव्या पट्टीच्या टोकाचा आकडा खाचेत शिरतो व लहानशा षट्कोनी चावीने आवळला जातो. मधल्या खोबणीत सुमारे एक मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच असा पातळ फलक बसतो. खिळा नको, करवत नको. बारा मीटर बाय वीस मीटर जागेची परिमिती ६४ मीटर होते. प्रत्येकी दोन मीटरच्या चार वाटा सोडल्या तर ५६ फलक पुरतात. मेळावा संपल्यावर ह्याच फलकांतून, तीन मीटर लांबीरुंदीचे आठ गाळे एका ओळीत उभे करण्यास ५१ फलक लागतात. पाच शिल्लक उरतात.

तथापि गुणांबरोबर धोकेही सांगितले पाहिजेत. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाला आग लागून चारशेहून अधिक जीव गेले. त्यांत बालकांची संख्या मोठी होती. मुलांचा सत्कार करणाऱ्या संस्थेने हे कधीही विसरू नये. कापडी कनात उचलून माणूस प्रसंगी खालून निसटू शकतो. फलकाची भिंत तशी उचलता येत नाही. म्हणून आधी बाहेर पडण्याच्या वाटा आखाव्यात, मग भिंती. आणि त्या वाटांवर खुर्च्या वा भेटवस्तूंची टेबले कदापि मांडू नयेत. फलक ज्वालारोधक असल्याचा दाखला पाहिल्यावाचून घेऊ नये. मंडपांच्या अग्निसुरक्षेविषयी भारतीय मानक क्रमांक ८७५८ आहे, ते कार्यवाहांनी अवश्य वाचावे. शिवाय उघड्या मैदानावर सपाट भिंत शिडासारखी वारा अडविते. तेथे मागून तिरके आधार आणि पायाशी पुरेसे वजन हवेच.

आता प्रश्न उरतो मालकीचा. चार समारंभांसाठी एवढे साहित्य कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या वाडवडिलांनीच देऊन ठेवले आहे. त्यांनी ज्ञातीची भांडी केली. पातेली, पराती आणि घंगाळी नाव कोरून ठेवली. ती घरोघरच्या कार्याला जात, मोजून परत येत, वेळच्या वेळी त्यांना कल्हई होई. गरिबाच्या घरची पंगतही त्यांमुळे साजरी झाली. फलकांनाही तसेच क्रमांक घालावेत, नोंदवही ठेवावी, अल्प शुल्क आकारावे आणि कोरड्या जागी त्यांची निगा राखावी.

मात्र भांड्यांना ज्ञातीची सीमा होती. ती ह्या भिंतींना नसावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात असंख्य कुटुंबांना शाळा-सभागृहांचा आसरा घ्यावा लागला. अशा वेळी एकाच दालनात शेकडो माणसे राहतात. बाळंतिणीला, आजाऱ्याला, वयात आलेल्या मुलीला आडोसा कोण देणार? कोठारात पडून असलेले आपले फलक तो आडोसा देऊ शकतील. संकटात मागणाऱ्याची जात न विचारता, शुल्कही न घेता, ते पाठवावेत.

माझी विनंती इतकीच की, कार्यकारी मंडळाने प्रथम एक वर्ष असे फलक भाड्याने घेऊन अनुभव पाहावा, खर्चाचा ताळेबंद सभेपुढे ठेवावा आणि तो अनुकूल असेल तरच खरेदी करावी. त्यातून वाचणारी रक्कम विद्यार्थी-साहाय्य निधीत जमा व्हावी, असा ठरावही त्याच वेळी करून ठेवावा. नाहीतर वाचलेला पैसा पुढच्या वर्षी कमानीवर आणि रोषणाईवर जावयाचा.