उन्हाळ्यातली तालीम

कोल्हापूरच्या तालमींत जोर-बैठका पहाटेच सुरू होतात, त्यामागे शरीरशास्त्रही आहे. स्नायू गरम असला की झटक्याची ताकद थोडी वाढतेच. त्रास होतो तो लांबलेल्या मेहनतीत. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, छातीचे ठोके वाढतात आणि रोजच्याच बैठका निम्म्यावर जड होतात. उन्हाळ्याशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. मग घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ घटतं. तोवर मेहनत बेतानंच. सरावात वजन किलोभर उतरलं, तर जवळपास लिटरभर पाणी गेलं समजा. ती चरबी नव्हे! वजनगटासाठी मुद्दाम घाम गाळणं तर घातकच. १९९७ साली अमेरिकेत तीन कॉलेजवयीन कुस्तीगीर याच खटाटोपात दगावले: गरम खोली, अंगात घाम कोंडणारे कपडे आणि पाणी बंद.