निबंध कोणाचा?



मराठीच्या शिक्षकाला आज वर्गांत एक नवा अनुभव येत आहे. चाळीस वह्या तपासावयास घ्याव्या, आणि त्यांतील दहाबारा वह्यांतून एकच सफाईदार भाषा, तींच ठराविक विशेषणें, तोच गोड समारोप वाचावयास मिळावा. शुद्धलेखनाची चूक नाहीं, विचारांचा गोंधळ नाहीं, आणि मूल तर कोठेंच दिसत नाहीं. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं अमेरिकेंतील ओपनएआय या संस्थेनें चॅटजीपीटी लोकांच्या हातीं दिलें. तेव्हांपासून असे लेखन-सहायक एकामागून एक निघाले, आणि आज ते घरोघरच्या फोनवर येऊन बसले आहेत. मुलें त्यांना नुसतें 'एआय' म्हणतात. या सहायकाला शाळेच्या दाराबाहेर उभें करावें कीं आंत घ्यावें, आणि घ्यावयाचें तर कोणत्या अटीवर, याचा विचार आज आपणांपुढें मांडावा असें योजिलें आहे.

प्रथम हें यंत्र करतें काय, तें पाहूं. त्याला अफाट मजकूर वाचावयास घातलेला असतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब तें त्या मजकुरावरून बसवितें, आणि त्या हिशेबानें एकेक शब्द पुढें ठेवीत जातें. त्यानें पाऊस पाहिलेला नसतो; पावसावर लिहिलेलें मात्र पुष्कळ पाहिलेलें असतें. शिवाय त्या मजकुरांत इंग्रजीचा भाग फार मोठा आणि मराठीचा फार लहान. त्यामुळें त्याची मराठी पुष्कळदां इंग्रजीच्या वळणावर जाते. 'पावसाळा हा असा ऋतु आहे जो आपल्या जीवनांत महत्त्वाची भूमिका बजावतो,' असें वाक्य तें सहज लिहून टाकतें. व्याकरणाच्या दृष्टीनें त्यांत बोट ठेवावयास जागा नाहीं. पण आपल्या घरांत असें कोणी बोलत नाहीं. आणि ठाऊक नसलेली गोष्टहि ठाऊक असल्याच्या थाटांत सांगण्याची त्याला खोड आहे, हें शिक्षकानें विसरूं नये.

आतां कोणी म्हणेल, उसना निबंध ही काय आजची गोष्ट आहे? खरें आहे. अप्पा बळवंत चौकांत गाईडें पूर्वींपासून विकलीं जातात. 'माझी आई' हा निबंध पाठ करून कितीतरी मुलें परीक्षेस बसलीं, आणि त्या साऱ्यांची आई एकाच गाईडांतली. यंत्रानें हा जुना रोग सोपा आणि जलद केला इतकेंच. गाईडांतला निबंध निदान पाठ तरी करावा लागे.

मग मुलांना निबंध लिहावयास लावावयाचें तें कशाकरितां? याचें उत्तर आपल्या पुण्यांतच आहे. १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत मुक्ता नांवाच्या एका मुलीचा निबंध छापून आला. ती मांग समाजांतील, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यांतील शाळेची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीं तिनें लिहिलें; पेशवाईंत आपल्या लोकांनीं काय सोसलें आणि आपल्या बायकांचे हाल कसे होतात, तें सांगितलें. दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी तो निबंध आजहि वाचला जातो. तिच्यापेक्षां सफाईनें लिहिणारे शास्त्री त्या काळीं पुण्यांत पुष्कळ होते. परंतु त्यांपैकीं कोणालाहि तो निबंध लिहितां आला नसता. शाळेनें तिला अक्षर दिलें, मजकूर तिचा स्वतःचा होता. मुलांकडून निबंध लिहवून घ्यावयाचा तो याकरितां.

लिहिणें हा एक व्यायाम आहे. तालमींत दुसऱ्यानें जोर काढले तर आपल्या दंडांत बळ येत नाहीं. याला आतां प्रयोगाचाहि आधार मिळाला आहे. तुर्कस्तानांतील एका शाळेंत सुमारें एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या तासाला केलेला प्रयोग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केला. कांहीं मुलांना साधा एआय दिला. सरावाच्या वेळीं त्यांचे गुण ४८ टक्क्यांनीं वाढले. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हां यंत्र न मिळालेल्या मुलांपेक्षां हीं मुलें १७ टक्क्यांनीं मागें पडलीं. आणखी कांहीं मुलांना असा एआय दिला कीं जो उत्तर न सांगतां शिक्षकांनीं ठरवून दिलेल्या सूचना तेवढ्या देई. त्यांचे सरावांतील गुण १२७ टक्क्यांनीं वाढले, आणि परीक्षेंतील तें नुकसान बहुतेक टळलें. प्रयोग गणिताचा असला तरी बोध निबंधालाहि लागू आहे. यंत्राला आपण कोणतें काम सांगतों, यावर सारें अवलंबून आहे.

कांहीं शाळांचा ओढा यंत्राची चोरी यंत्रानेंच पकडण्याकडे दिसतो. त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें. ओपनएआयनें स्वतःच असें पारख करणारें साधन जानेवारी २०२३ मध्यें काढलें, आणि त्याची पारख भरंवशाची नाहीं म्हणून जुलैंत बंद केलें. त्याच वर्षीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं, इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे ९१ निबंध अशा सात साधनांना दाखविले. निबंध माणसांनीं लिहिलेले. पण सरासरीनें ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. साधी, मोजकी शब्दसंपत्ति हाच त्या लेखकांचा गुन्हा. एखाद्या गरीब मुलानें कष्टानें चार ओळी नीट लिहाव्या आणि आपण त्याला चोर ठरवावें, याहून मोठा अन्याय शाळेच्या हातून होणार नाहीं. संशय आलाच तर मुलाला जवळ बसवावें, थोडा वेळ द्यावा, आणि 'ही ओळ तुला कशी सुचली?' एवढें विचारावें. ज्यानें लिहिलें त्याला तें सांगतां येतें.

निवृत्तीनंतर शहराच्या मध्यवस्तींतील एका शाळेंत मी आठवड्यांतून एक दिवस मदतीस जातों. तेथील नववीच्या मराठीच्या बाईंनीं जी रीत बसविली आहे ती सांगतों. वर्गांत फोन एकच, तो बाईंचा. मुलांचीं नांवें यंत्राला सांगावयाचीं नाहींत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा २०२३ सालीं झाला, त्यानें अठरा वर्षांच्या आंतील सर्वांना बालक मानलें आहे, आणि त्यांची माहिती घेण्यापूर्वीं पालकांची संमति सांगितली आहे. विषय दिला 'आमच्या गल्लींतला पाऊस'. पहिलीं वीस मिनिटें प्रत्येकानें आपल्या वहींत पेनानें लिहिलें. मग बाईंनीं तोच विषय यंत्राला दिला आणि त्याचा निबंध फळ्यावर उतरविला. मुलांना सांगितलें, आतां तुम्ही परीक्षक. जी ओळ कोणाच्याहि गल्लीला लागू पडेल ती खोडा. मातीचा सुगंध गेला, नाचणारे मोर गेले, आनंदी शेतकरी गेला. शेवटीं फळ्यावर कांहीं उरलें नाहीं. एका मुलाच्या वहींत मात्र असें होतें कीं, खडकवासल्याचें पाणी सोडलें आणि भिडे पूल बुडाला म्हणजे वडिलांना कामावर जावयास अर्धा तास अधिक लागतो, आणि आईला त्या दिवशीं डबा पहाटेच करावा लागतो. तें वाक्य वर्गानें कोणाला खोडूं दिलें नाहीं.

यंत्राचें खरें काम यानंतर सुरू होतें. दर तासाला चारपांच मुलांचे मसुदे पाळीपाळीनें घेऊन बाई त्याला सांगतात, 'यांतलें कांहींएक पुन्हा लिहूं नकोस, सुधारूं नकोस. वाचणाऱ्याला काय कळलें नाहीं, त्याचे तीन प्रश्न तेवढे विचार.' प्रश्न येतात: दुसरी वाट कोठून जाते? त्या अर्ध्या तासाची मजुरी कापली जाते काय? पूल बुडाला हें घरीं कसें कळतें? मुलगा त्यांचीं उत्तरें आपल्या शब्दांत वहींत लिहितो, आणि निबंध वाढतो. एखाद्या शब्दाविषयीं शंका आली तर ती शब्दकोशांत पाहावयाची. पन्नास मुलांच्या वर्गांत प्रत्येकाला असे प्रश्न विचारणें एकट्या शिक्षकाला होत नाहीं; आणि ज्याच्या घरीं त्याचें लिहिलेलें वाचणारें कोणी नाहीं, त्याला तर असा वाचक पूर्वीं कधीं मिळालाच नव्हता. हा लाभ मी लहान मानीत नाहीं.

घरून सारा निबंध यंत्राकडून लिहवून आणण्याची वाट तरीहि मोकळी राहते. म्हणून निबंध वर्गांतच लिहवून घ्यावा, आणि गुण पहिला मसुदा, नंतरचे फेरफार व तोंडी उत्तरें यांना विभागून द्यावे. मग उसन्या सफाईला भाव उरत नाहीं.

जुन्या काळीं कचेरीच्या दाराशीं अर्जनवीस बसे. ज्याला लिहितां येत नसे तो आपलें गाऱ्हाणें त्याला सांगे, आणि अर्जनवीस तें आपल्या ठराविक भाषेंत उतरवी. त्या भाषेंत निम्में गाऱ्हाणें हरवून जाई. लिहावयास शिकलेला माणूस त्या दारापाशीं थांबण्यांतून सुटला. आजचीं मुलें उद्यां पाण्याची तक्रार महापालिकेला लिहितील, अन्यायाविरुद्ध अर्ज करितील, मित्राच्या दुःखांत त्याला चार ओळी पाठवितील. तेव्हां त्यांना आपलें म्हणणें आपल्या शब्दांत मांडतां यावें, फोनमधल्या अर्जनवीसाच्या तोंडाकडे पाहावें लागूं नये, एवढ्यासाठींच ही सारी खटपट.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंति आहे कीं, मुलाचा पहिला मसुदा पुरा होईपर्यंत यंत्राला थांबवून ठेवावें. नंतर खुशाल आंत घ्यावें आणि प्रश्न विचारण्याच्या कामाला लावावें. आणि पालकांनीं रात्रीं मुलाला 'निबंध झाला का?' असें विचारण्याऐवजीं 'काय लिहिलेंस, वाचून दाखव बरें,' असें म्हणावें, आणि तो वाचीत असतां हातांतला फोन बाजूला ठेवून ऐकावें.