पक्षाघातानंतरचे पहिले काही दिवस



मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं तुंबली की पक्षाघात होतो, हे आपल्याला ठाऊक असतं. पण सगळं नुकसान त्या एका क्षणी होत नाही. बरंचसं पुढच्या तासांत आणि दिवसांत होतं, आणि त्यात आपल्याच प्रतिकारशक्तीचा हात असतो.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी कायम राखणीला असतात. पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञानं १९१९ साली त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. एरवी त्यांना नाजूक फांद्या फुटलेल्या दिसतात. शेजारच्या पेशी मरू लागल्या, की त्या फांद्या आखडून घेतात, गोलसर होतात आणि रसायनं सोडून मदत बोलावतात. काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन पोचतात. जंतूंवर चालवायची हत्यारं त्या इथं रक्तवाहिनीच्या भिंतीवरच चालवतात. मेंदू सुजतो आणि वाचू शकला असता असा कडेचा भागही हातचा जातो.

मग या पांढऱ्या पेशींना वाटेतच अडवलं तर? एनलिमोमॅब नावाच्या औषधानं तसं करून पाहिलं गेलं. ६२५ रुग्णांवरच्या त्या चाचणीचा निकाल २००१ साली छापून आला : औषध घेतलेल्यांची अवस्था जास्तच बिघडली होती. ते औषध उंदराच्या प्रथिनापासून बनलेलं, त्यामुळे शरीर उलट खवळलं असावं. पण मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मेलेल्या पेशींचा राडारोडा उचलून दुरुस्तीला वाट करून देतात, त्याही मदत बोलावणाऱ्या याच मायक्रोग्लिया. त्यांना सरसकट गप्प बसवून कसं चालेल?

इकडे बाकीच्या शरीरात नेमकं उलटं घडतं, प्रतिकारशक्ती ढेपाळते. जखमी मेंदूकडून ताणाचे संदेश सुटतात, रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी घटतात, फुप्फुसं उघडी पडतात. त्यात घशाचे स्नायू लुळे. अशा वेळी घरचं माणूस मायेनं चमचाभर पाणी ओठांशी धरतं. ते पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं, कधी ठसकासुद्धा लागत नाही, आणि दोन-तीन दिवसांत न्यूमोनिया होतो. आधीपासूनच अँटिबायोटिक देऊन पाहिलं, तेही नेदरलँड्समध्ये अडीच हजारांवर रुग्णांना. पण तीन महिन्यांनी त्यांची स्थिती इतरांपेक्षा बरी नव्हती.

तेव्हा तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तडक रुग्णालय गाठा. आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात घालू नका.