मुख्याध्यापकाचे कर्तव्य आणि सतरा वर्षांचा आरोपी



शाळेत घडलेला गुन्हा पोलिसांना कळवावा की दडपावा, हा निर्णय वर्षानुवर्षे संस्थाचालकांच्या प्रतिष्ठेच्या हिशेबाने होत आला. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याने, निदान लैंगिक गुन्ह्यांपुरती, ही मनमानी संपवली. कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना दिलीच पाहिजे; न दिल्यास कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद. या सक्तीची गरज होती. राजुरा येथील वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरील अत्याचार न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने रद्द केलेला तो खटला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा उभा केला, हे योग्यच झाले.

परंतु आरोपी हा स्वतःच विद्यार्थी असेल तर?

बालन्याय कायदा अशा मुलाकडे वेगळ्या दृष्टीने पाहतो. २०१६ च्या आदर्श नियमांतील आठव्या नियमानुसार सायकल चोरणाऱ्या मुलावर सहसा प्रथम खबर नोंदवायची नसते. पोलिसांनी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बालन्याय मंडळाकडे पाठवायचा असतो. अपवाद मुख्यतः अतिगंभीर गुन्ह्यांचा, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांचा. आणि नेमके येथेच कायद्याचे दोन हात एकमेकांत अडकतात. अठरा वर्षांखालील मुलीची संमती 'पॉक्सो' मानत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ४ ची किमान शिक्षा दहा वर्षे आहे. त्यामुळे दहावी-बारावीतल्या दोघांचे परस्परसंमतीचे संबंध आणि अधीक्षकाने मुलीवर केलेला बलात्कार एकाच रकान्यात पडतात. सोळा वर्षांवरील मुलाची तर, त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा काय, अशी चाचपणीही होऊ शकते.

याचा भार कोणावर पडतो? पैसेवाल्यांच्या शाळेत दाखला हातात देऊन प्रकरण मिटवता येते. आश्रमशाळेतल्या मुलाच्या बापाला वकील कुठून मिळणार?

मागणी आहे ती सक्ती काढण्याची नव्हे. ती काढली तर संस्थाचालक उद्याच पुन्हा पडदा ओढतील. समवयस्क मुलांचे संमतीचे संबंध या गुन्ह्याच्या व्याख्येतून वगळावेत, एवढेच मागणे आहे. २०२२ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या प्रकरणात, मुलीने व पालकाने विनंती केल्यास तिचे नाव पोलिसांना न कळवण्याची मुभा दिली. ती मुभा डॉक्टरांपुरती आहे. बाईंना विश्वासाने काही सांगू पाहणाऱ्या मुलीला मात्र, बाईंना ते पोलीस ठाण्यात सांगावे लागेल, हे आता ठाऊक असते.