कपाटातील पुस्तक मुलांच्या हाती



मुंबईच्या चर्नी रोड भागातील बागेत, शाळा सुटल्यानंतर, एक विद्यार्थी नित्य पुस्तक वाचीत बसत असे. त्याच बागेत येणारे शिक्षक व लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याची चौकशी केली. पुढे शालेय परीक्षेतील यशाबद्दल त्या विद्यार्थ्याचा सत्कार झाला, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बाबासाहेबांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला. आपण बुद्धाकडे वळलो त्याचा आरंभ या भेट मिळालेल्या पुस्तकापासून झाला, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

या घटनेत विद्यार्थ्याची बुद्धिमत्ता आहेच. परंतु तिच्या जोडीला दोन वडीलधाऱ्या माणसांची जाणीवही आहे. एक केळुसकर गुरुजी. दुसरे वडील रामजी सकपाळ. मिळकत तुटपुंजी असताना मुलाने मागितलेले पुस्तक आणण्यासाठी विवाहित मुलींचे दागिने मागून घेण्यासही त्यांनी कमीपणा मानला नाही. वाचनाची आवड उपजत असते असे म्हणून स्वस्थ बसणे सोपे आहे. वस्तुस्थिती अशी की, मूल वाचू लागते ते कोणीतरी त्याच्या हाती पुस्तक ठेवल्यामुळे.

वाचनाचे लाभ सर्वांना मान्य आहेत. तथापि ते नेमके कसे घडतात, हे ध्यानी घेणे उपयुक्त ठरेल. घरातील व बाजारातील बोलण्यात ठराविक शब्द पुनःपुन्हा येतात. गोष्टीच्या पुस्तकात समुद्र येतो, वाळवंट येते, राजदरबार येतो आणि त्यांच्याबरोबर नवे शब्दही येतात. अक्षरे लावीत वाचणाऱ्या मुलाची सारी शक्ती अक्षरांवरच खर्च होते व वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरला जातो. सरावाने वाचन ओघवते झाले म्हणजे मन अर्थाकडे वळते. शाब्दिक उदाहरण चुकणारे मूल गणितात कच्चे आहे असे मानले जाते. पुष्कळदा ते वाचनात कच्चे असते. म्हणून वाचन हा केवळ भाषेच्या तासाचा प्रश्न नाही, तो सर्व विषयांचा पाया आहे.

समाजाचा लाभही तितकाच प्रत्यक्ष आहे. औषधाच्या वेष्टनावरील सूचना, सातबारा उतारा, ग्रामसभेची नोटीस ही ज्याला स्वतः वाचता येते, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. उलट, शाळा सोडल्यावर वाचावयास काहीच मिळाले नाही तर आलेले अक्षरही पुसट होत जाते.

हे सत्य बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी फार पूर्वी ओळखले होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेल्या या राजाने १८९३ साली अमरेली भागात व १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेल्यांना वाचनाची सोय हवी, म्हणून १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची योजना आखली. गावाने वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम पंचायतीने व तितकीच सरकारने घालावी, हे तिचे सूत्र. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे फिरत्या पेट्यांतून पुस्तके जात. यात गावाचा वाटा होता. म्हणून ग्रंथालय गावाचे वाटे.

महाराष्ट्रालाही ही परंपरा नवी नाही. रत्नागिरीत १८२८ साली, नाशिकमध्ये १८४० साली आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात १८४८ साली वाचनालये निघाली. मुलांसाठी ‘आनंद’ मासिक १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी सुरू केले. राज्याने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. १९७१ साली बालभारतीचे ‘किशोर’ मासिक निघाले. शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असणे आवश्यक ठरले. २०१७ साली सातारा जिल्ह्यातील भिलार हे पुस्तकांचे गाव झाले.

मग उणीव कोठे आहे? अनेक ठिकाणी ती कपाटाच्या कुलपात आहे. पुस्तक फाटले, हरवले तर भरपाई कोणी करावयाची, या धास्तीने शिक्षक ते मुलांना देत नाहीत. तपासणीच्या दिवशी पुस्तके कोरी करकरीत दिसतात व नोंदवही निर्दोष असते. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र, ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, असे आहे. वापराने जीर्ण झालेले पुस्तक हा दोष नसून कामाचा पुरावा आहे, ही दृष्टी अधिकाऱ्यांनी ठेवली तर निम्मी कुलपे आपोआप उघडतील. तपासणीत पुस्तके किती आहेत याबरोबरच गेल्या महिन्यात किती घरी गेली, हेही विचारले जावे.

शिक्षकांनी रोज वीस मिनिटे मोठ्याने गोष्ट वाचून दाखवावी आणि त्यावर परीक्षा घेऊ नये. गोंडी, कोरकू वा भिली बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या बोलीतील गोष्टी आधी मिळाव्यात. तेथून प्रमाण मराठीची वाट सुलभ होते. ग्रामपंचायतीने आपल्या वार्षिक विकास आराखड्यात बालवाचनासाठी तरतूद करावी आणि चावडी वा समाजमंदिराची एक खोली सायंकाळी दिव्यासह उघडी ठेवावी.

सर्वांत मोठी कसोटी ऊसतोड कामगारांच्या मुलांची आहे. गाळप हंगाम सुरू झाला की ही मुले आईवडिलांबरोबर कारखान्याच्या परिसरात जातात आणि शाळेचे अर्धे वर्ष हातचे निसटते. त्यांच्यासाठी इमारत लगेच उभी राहणार नाही. पण मुकादमाच्या टोळीबरोबर पन्नास पुस्तकांची एक पेटी जाऊ शकते. शंभर वर्षांपूर्वी बडोदा राज्यात जे साधले, ते आज अशक्य मानण्याचे कारण नाही.

राज्यात २०१५ पासून डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन, १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी कपाट उघडते, ही चांगली गोष्ट आहे. ते १६ ऑक्टोबरलाही उघडे राहावे, याची जबाबदारी गावातील जाणत्यांची आहे. बागेत वाचीत बसणारे मूल आजही कोठेतरी आहे. त्याच्याजवळ जाऊन चौकशी करणारा मात्र हवा.