पहिली फळी कोणती घ्यावी?

मागच्या दोन भागांत आपण हत्यारांविषयी बोललो: करवत, पटाशी, रंधा. त्यानंतर तुमचे जे प्रश्न आले, त्यातले बरेचसे एकाच गोष्टीबद्दल होते. हत्यारं घेतली, आता लाकूड कुठून आणू आणि कोणतं घेऊ? आज तेवढंच बोलू.

पण आधी माझी एक चूक सांगतो. गावाकडचं आमचं घर उतरवलं, तेव्हा माजघरातली एक सागवानी तुळई माझ्या वाट्याला आली. पणजोबांच्या वेळची, धुरानं काळी पडलेली. मी तेव्हा सुतारकाम नुकतंच शिकत होतो. म्हटलं, पहिली वस्तू याचीच करायची, आईसाठी चौरंग. तुळई तशीच गोल करवतीला लावली. आत जुना खिळा होता. पात्याचे दात गेले, बोटं वाचली एवढंच. मग एक पाय तोकडा झाला म्हणून दुसरा कापला, तो जास्त कापला गेला म्हणून तिसरा. असं करत चौरंगाचा पाट झाला, तोही डुगडुगणारा. आई म्हणाली, "असू दे रे, कुंडी ठेवायला होईल." ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून आजच्या भागाचं सार आधीच सांगून टाकतो. पहिलं लाकूड असं घ्या, की बिघडलं तर पुन्हा जाऊन आणता येईल.

आता कुठून आणायचं? वखारीतून. पुण्यात भवानी पेठेजवळचं टिंबर मार्केट आहे, मुंबईत रे रोडचा भाग आहे, आणि तालुक्याच्या गावीसुद्धा बहुतेक एखादी सॉ मिल असतेच. सकाळी तिथे ठेकेदारांची गर्दी असते, तेव्हा दोन फळ्यांच्या गिऱ्हाइकाकडे कोण बघणार? दुपारी जा. वखारवाले काका पहिला प्रश्न विचारतात, "काय बनवायचंय?" त्याचं उत्तर कागदावर लिहून न्या: कोणती वस्तू, किती तुकडे, प्रत्येकाची लांबी, रुंदी, जाडी. आणि आखूड तुकडे आहेत का, हे जरूर विचारा. आपल्याला दोन-तीन फुटांचे तुकडे पुरतात, आणि ते बऱ्याचदा स्वस्तात मिळतात.

कोणतं घ्यायचं? सगळे सागवान म्हणतात. सागवान उत्तमच. त्यात तेल असतं, वाळवी सहसा लागत नाही, पावसाळ्यातही ते फारसं फुगत नाही. वखारीत 'सीपी सागवान' असा शब्द ऐकाल. सीपी म्हणजे इंग्रजांच्या काळातला सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, चंद्रपूर-बल्लारशाकडचा माल. पण ते महाग, आणि महाग लाकडावर हात थरथरतो. मी म्हणेन, पाइनपासून सुरुवात करा. मऊ असतं, हातकरवतीनं सहज कापलं जातं. खोक्यांचं जुनं पाइनही चालेल, फक्त त्यावर एच-टी ही अक्षरं छापलेली बघा. म्हणजे कीड मारायला ते लाकूड तापवलेलं असतं. डाग पडलेलं, वास येणारं मात्र घेऊ नका. कोकणात असाल तर शिवण मिळाली तर बघा, हलकी आणि कापायला सोपी. आंबा स्वस्त, पण त्याला भुंगा लवकर लागतो. बाभूळ इतकी कठीण की पूर्वी गाडीची चाकं तिची करायचे. ती इतक्यात नको.

आता फळी तपासायची कशी? एक टोक डोळ्यासमोर धरा, दुसरा डोळा मिटा आणि नेम धरल्यासारखं कडेवरून बघा. बाक लगेच दिसतो. मग फळी सपाट फरशीवर ठेवून समोरासमोरचे कोपरे दाबा. डुगडुगली तर तिला पीळ आहे, ती परत ठेवा. टोकांना चिरा असतील तर तेवढी लांबी वजा धरा. बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर आत किडा आहे. झाडाचा अगदी मधला बिंदू फळीत आला असेल तर ती बहुधा तडकणार. आणि त्याच मापाच्या दुसऱ्या फळीपेक्षा जड, हाताला गार लागली, तर ती ओली आहे. ओली फळी वाळताना लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत आकसते. जुलैत घट्ट बसवलेला सांधा मार्चमध्ये उघडतो, तो त्यामुळेच.

हिशोब घनफुटात होतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि 144 नं भागा. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे 48 भागिले 144, म्हणजे घनफुटाचा तिसरा हिस्सा. अशा तीन फळ्यांचा एक घनफूट. वर पाव हिस्सा जास्त घ्या, कारण कापण्यात आणि चुकण्यात तेवढं जातंच. आणि लक्षात ठेवा, इंचभर जाडीची फळी रंधून दोन्ही बाजूंनी साफ केली की साधारण पाऊण इंच उरते.

घरी आणल्यावर लगेच कापायला बसू नका. खाली सारख्या जाडीच्या रिपा, दीड-दीड फुटांवर, त्यावर फळ्या आडव्या. वारा खालून-वरून फिरला पाहिजे. दोन-तीन आठवडे त्याच खोलीत राहू द्या. तेवढ्यात ज्या वाकायच्या त्या वाकतात, आणि ते कापण्याआधी कळलेलं बरं.

त्या तुळईचा दोन फुटांचा तुकडा अजून माझ्याकडे आहे, कपाटावर. खिळे सगळे काढलेत, लोहचुंबक फिरवून पाहिलाय. पाइनच्या दहा-बारा वस्तू झाल्या, सांधे आता बरे बसतात. या दिवाळीत तो खाली काढीन म्हणतो. त्याचं काय करायचं, ते मात्र यावेळी आईलाच विचारणार आहे.

तुमची पहिली फळी कोणती, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.