प्रतिपालकत्व : दत्तकाहून वेगळी वाट
(वर्धापनदिनाच्या सभेत समाजसेवा विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बालरुग्ण विभागातून बरे झालेले प्रत्येक मूल आपल्या घरी जातेच असे नाही. कुणाची आई दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेली असते, तर कुणाला न्यायला कोणी येतच नाही. बेवारस मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आत कळविणे कायद्याने रुग्णालयावर बंधनकारक आहे. पुढील निर्णय बालकल्याण समितीचा असतो आणि बहुधा मुलाची रवानगी बालगृहात होते. तेथील कर्मचाऱ्यांच्या कष्टांविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु रात्री ताप चढल्यावर कपाळावर ओळखीचा हात फिरावा, हे अनेक मुलांच्या गर्दीत अवघडच. म्हणून आज प्रतिपालकत्वाविषयी, म्हणजेच फॉस्टर केअरविषयी, बोलण्याची अनुमती घेतो.

आमच्याकडे चौकशीस येणारी दांपत्ये पुष्कळदा दत्तकाची आस मनात धरून येतात आणि तेथेच गल्लत होते. दत्तकविधानाने मूल कायमचे आपले होते. प्रतिपालकत्वात ते आपल्या घरी वाढते, त्याचे शिक्षण, आरोग्य व पोषण यांची जबाबदारी आपली असते. पण कायद्याने ते आपले होत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार, समितीची हरकत नसेल तर जन्मदाते आईवडील मुलाला नियमित भेटू शकतात आणि ते सांभाळण्यास समर्थ ठरल्यास मूल त्यांच्याकडे परतू शकते. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही ही वाट मोकळी केली. मूल पुढे दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरले, तर दोन वर्षे सांभाळणाऱ्या कुटुंबास ते दत्तक घेण्याची मुभाही आहे. मात्र त्या आशेवरच मूल घरी आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मूल घरी आल्यावर पहिले काही दिवस पाहुण्यासारखे वागते. सांगितले ते ऐकते, वाढले ते खाते. मंडळी सुखावतात. त्यानंतर खरी परीक्षा सुरू होते. उशीखाली बिस्किटे, पोळीचा तुकडा सापडतो. अंथरूण ओले होते. क्षुल्लक कारणावरून आदळआपट होते. ज्या मुलाला उद्याच्या जेवणाची खात्री कधी नव्हती, ते लपवून ठेवणारच. रागावू नये. खाऊचा डबा त्याच्या हाताशी ठेवावा आणि तो कधी रिकामा राहू देऊ नये. अंथरुणाची तक्रार राहिलीच, तर डॉक्टरांना दाखवावे. चारचौघांत वाच्यता मुळीच करू नये.

आईची भेट झाली की मूल दोन-तीन दिवस बिनसते. भेटीच बंद कराव्यात, असे तेव्हा वाटू लागते. तसे करू नये. मुलादेखत आईविषयी वावगा शब्दही काढू नये; ती कशीही असली तरी त्याची आई आहे. (शेजारच्या काकूंनाही हे बजावावे लागते!) आपली स्वतःची मुले असतील तर त्यांना आधी विश्वासात घ्यावे. खोली, खेळणी आणि आईची मांडी, तिन्हींत वाटेकरी येणार असतो.

मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. ती मुलासाठी आहे आणि तिच्या भरवशावर घरखर्चाची आखणी करणे शहाणपणाचे नाही. घराची वेळोवेळी तपासणी होते, ती अविश्वास म्हणून घेऊ नये.

आणि एके दिवशी आई सावरते, मूल परत जाते. योजनेचा हेतू सफल झालेला असतो. तरीही त्या रात्री ताटे मांडताना हात अडखळतोच. मुलासोबत लसीकरणाचे कार्ड, औषधांची चिठ्ठी, शाळेची कागदपत्रे आणि आपल्या घरातले दोन-चार फोटो अवश्य द्यावेत. त्याच्या आयुष्यातील तेवढा काळ कोरा राहू नये.

अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करावयाचा असतो. त्यापूर्वी आमच्या समाजसेवा विभागात एकदा जरूर यावे. केवळ पतिपत्नींनी नव्हे, घरातील आजी-आजोबांसह.